एलईडी लावल्यापासून टँकचं पाणी सारखं हिरवं होतंय? आधी दिवा तपासा, मग पाणी

जुनी ट्यूब उडाली, बाजारातून एलईडीची पट्टी आणली, टँक एकदम लख्ख दिसायला लागला. पंधरा-वीस दिवसांत काचेवर हिरवट थर धरला. महिनाभरात पाणी मुगाच्या कढणासारखं झालं. मग रविवारी मासे बादलीत काढायचे, खडी उपसून धुवायची, काचा घासायच्या, नवं पाणी भरायचं. आठवडाभर टँक बघत राहावा असा. आणि मग परत फोन येतो: "भो, पानी आखो हिरवं व्हई गयं!"

जळगाव-भुसावळकडून असो की धुळे-नंदुरबारकडून, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही पहिल्या नंबरची. लोक दुकानातून शेवाळाचं औषध आणतात, माशांचं खाणं बंद करतात, फिल्टर बदलतात. दिव्याकडे मात्र कोणी बघत नाही, कारण दिवा तर नवा आहे आणि झकास चालतोय. गडबड बहुतेक वेळा तिथेच असते. एलईडी वाईट म्हणून नाही, उलट ती फार कार्यक्षम म्हणून. आपण तिला जुन्या ट्यूबच्या हिशेबाने लावतो आणि टँकमध्ये नको तेवढा उजेड ओततो.

हिशेब बघा. दोन फुटी, २० वॉटची जुनी ट्यूब साधारण हजार-बाराशे ल्युमेन (दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) द्यायची. चोक आणखी आठ-दहा वॉट खायचा तो वेगळा. ट्यूबचा उजेड चारी बाजूंना जातो, म्हणजे अर्धा वर हुडात, टँकच्या झाकणात. रिफ्लेक्टर चांगला नसेल तर त्यातला बराचसा तिथेच मुरतो. शिवाय ट्यूब जुनी होत जाते तसा तिचा उजेड हळूहळू घटतो, ते आपल्या लक्षातही येत नाही. आता तिच्या जागी २० वॉटची एलईडी आली. साधी एलईडीसुद्धा वॉटमागे १०० ल्युमेनच्या आसपास देते, म्हणजे दोन हजार ल्युमेन, आणि ते जवळपास सगळे खाली पाण्याकडे, कारण एलईडीच्या चिपचा झोत साधारण १२० अंशांचा असतो. पाण्यात उतरणारा उजेड दुपटीच्या वर गेला. हुड जुना, आतून काळपट असेल तर तिपटीपर्यंतही. "२० वॉटची होती, २० वॉटचीच लावली, मी काय वेगळं केलं?" असं लोक विचारतात. वॉट तेवढेच राहिले, उजेड बदलला. तेवढाच उजेड हवा होता तर ८-१० वॉटची पुरली असती.

आणि बचतही तिथेच आहे. चोकसकट ३० वॉट जाऊन १० वॉट आले तर रोज आठ तासांच्या हिशेबाने वर्षाला साधारण ५८ युनिट वाचतात. २० वॉटची लावली तर वाचतात त्याच्या निम्मे, वर शेवाळ फुकट.

निळ्या प्रकाशाबद्दल एक गैरसमज फार फिरतो, तो इथेच निकालात काढू. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी चिप, तिच्यावर पिवळा फॉस्फर. निळी एलईडी बनवणं कितीतरी वर्षं अडून होतं. ते जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्यासाठीच. या चिपचा निळा जोर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि हरितद्रव्य तिथे प्रकाश चांगला शोषतं. म्हणून काही जण सांगतात की निळ्यामुळे शेवाळ येतं, "वॉर्म" दिवा लावा. पण शेवाळ आणि टँकमधली झाडं दोघंही ४०० ते ७०० नॅनोमीटरमधलाच, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणाराच उजेड खातात, आणि शेवाळाला तांबडाही चालतो. दिव्याचा रंग बदलून शेवाळ जात नाही. उजेड किती आणि किती वेळ, एवढंच बघायचं.

पण त्याआधी, हिरवं म्हणजे नक्की काय आहे ते ठरवा.

पांढरा चहाचा कप घ्या, टँकच्या मधून पाणी भरा, खिडकीपाशी नेऊन बघा. कपातलं पाणी खरोखर हिरवट दिसलं तर ते तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. कपात पाणी स्वच्छ दिसतं पण टँक हिरवा वाटतो, तर ते काचेवरचं. दुधट दिसलं तर ते शेवाळ नाहीच, जिवाणू वाढलेत. नव्या टँकमध्ये किंवा सगळं धुऊन काढल्यावर हे होतं, थांबलं की जातं. चहाच्या पाण्यासारखा पिवळसर रंग असेल तर लाकूड किंवा बदामाच्या पानांचा अर्क उतरलाय, त्याने काही बिघडत नाही. काचेवर बोट फिरवल्यावर तपकिरी भुकटी सहज निघाली तर तेही नव्या टँकचं लक्षण, बहुधा आपोआप कमी होतं. निळसर-हिरवा, साय धरल्यासारखा थर असेल, बोटाने पापुद्र्यासारखा निघत असेल आणि कुबट वास मारत असेल, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतो. तो घालवायला अंधार आणि स्वच्छता दोन्ही लागतं, वाळूत साचलेली घाण आधी काढा.

पाणीच हिरवं असेल किंवा झाडांवर केसांसारखे हिरवे धागे असतील, तर पुढचं वाचा. खान्देशातल्या घरांत ही दोन सगळ्यात जास्त.

पहिला प्रश्न दिव्याचा नाही, सूर्याचा. टँकवर ऊन येतं का?

"थोडंसं येतं सकाळी, तास-दीड तास." हे "थोडंसं" काय असतं ते मोजून बघा. फोनमध्ये लक्स, म्हणजे त्या जागी पडणारा उजेड, मोजायचं ॲप टाका. अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो. एलईडी टँकवरून काढा, कोरड्या जागी टांगा आणि टँक जितका खोल आहे तितक्या अंतरावर फोन खाली धरा. अनुबियास, जावा फर्न, मॉस या टँकमधल्या झाडांना दोन-तीन हजार लक्स पुरे होतात. आठ-दहा हजारांच्या वर गेलं आणि टँकमध्ये कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल, तर झाडांच्या आधी शेवाळ त्याचा फायदा घेतं. आता तोच फोन खिडकीतल्या उन्हात धरा. आपल्याकडच्या निरभ्र उन्हात आकडा ५० हजारांच्या पुढे जातो, भर दुपारी लाखाला टेकतो. काचेवर तिरपं पडून, परावर्तन होऊन निम्मं आत गेलं तरी तासाभराचं ऊन म्हणजे तुमच्या एलईडीचा अख्खा दिवस.

यात एक गंमत आहे, ज्यामुळे लोक गोंधळतात. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. डिसेंबरात तोच दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर, दक्षिणेला झुकलेला. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत मे-जूनमध्ये ऊन शिरतच नाही आणि दिवाळीनंतर खोलीत आतपर्यंत येतं. "उन्हाळाभर पाणी छान होतं, थंडीत कसं काय हिरवं झालं?" याचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं. थंडीत शेवाळ कमी व्हायला हवं असा आपला समज, आणि टँक दक्षिणेच्या खिडकीसमोर. दिवस ठरवून सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता टँककडे बघा. काचेवर उन्हाचा तुकडा कधीही दिसला तर पडदा लावा किंवा टँकच्या त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. टँक हलवता आला तर उत्तम, पण भरलेला टँक हलवायला जाऊ नका, तळाच्या जोडाला तडा जातो.

आता टायमर. हा मुद्दा आपल्याकडचा खास आहे.

बहुतेक जण स्वस्तातला, कडेला बारक्या पिना असलेला गोल टायमर लावतात. दुपारी बारा ते रात्री आठ, पिना दाबल्या, विषय संपला. त्या टायमरच्या आत छोटी मोटार असते आणि ती विजेवर चालते. लाइट गेली की टायमरचं घड्याळही थांबतं. रोज दीड तास भारनियमन असेल तर आठवड्यात ते साडेदहा तास मागे पडतं. बारा वाजता लागायचा दिवा आता रात्री साडेदहाला लागतो आणि सकाळी साडेसहाला बंद होतो. तुम्ही झोपलेले, टँक उजळलेला. आणि दिवसा खिडकीचा उजेड आहेच. टँकला अंधार म्हणून मिळतच नाही. मासे बिचारे झोपत नाहीत, शेवाळाची मात्र चैन.

अमळनेरकडच्या एका ताईंच्या घरी अगदी हेच चाललं होतं. त्यांची तक्रार वेगळीच: "मासे दिवसभर सुस्त का असतात?" टायमरवरचा बाण बघितला तर तो पहाटेचे चार दाखवत होता आणि बाहेर संध्याकाळचे पाच वाजले होते.

उपाय तीन. टायमर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, म्हणजे तो थांबणार नाही. नाहीतर आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, लाइट गेली तरी त्याची वेळ चुकत नाही. तेही नको असेल तर दर रविवारी पाणी बदलताना टायमरचं घड्याळ हातानं जुळवा. वाय-फायवरचे स्मार्ट प्लग चांगले आहेत, पण राउटर बंद पडला आणि लाइट येऊन-जाऊन राहिली की काही प्लग लाइट आल्यावर आपोआप "चालू"च होतात. ते सेटिंग आधी तपासा.

उजेडाचा कालावधी म्हणाल तर शेवाळ झालेल्या टँकला सहा तास बास. रोज एकाच वेळी. संध्याकाळी तुम्ही घरी असता तेव्हाचे सहा तास ठेवा, चार ते दहा. महिनाभर काच स्वच्छ राहिली तर अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवा, आठच्या पुढे जाऊ नका. पाहुणे आल्यावर "लाव रे टँकचा दिवा" ही सवय मात्र सोडावी लागते.

दिवाच जास्त ताकदीचा असेल तर? १२ व्होल्टची पट्टी असेल तर मधे बसवायचा छोटा डिमर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, त्याने उजेड निम्मा करा. थेट २३० व्होल्टची असेल तर ती डिमरवर लावू नका, बहुतेक ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज करून देणारं सर्किट) त्यासाठी बनलेलेच नसतात. मग पट्टी चार-सहा इंच वर उचला, स्टँड लावा, किंवा दोन पट्ट्या असतील तर एक काढा. पाण्यावर तरंगणारी झाडं सोडली, जसं डकवीड किंवा जलकुंभीचं छोटं रोप, तरी सावली होते आणि ती पाण्यातलं नायट्रेटही ओढतात. फक्त घरातली जलकुंभी नदी-नाल्यात टाकू नका, तापीला तिचा त्रास आधीच पुरेसा आहे.

हिरवं झालेलं पाणी मोकळं करायला सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे अंधार. काच घासा, तीस-चाळीस टक्के पाणी बदला, दिवा बंद करा आणि जाड चादर किंवा घोंगडी टँकभोवती पूर्ण गुंडाळा. वरून मात्र हवा जाऊ द्या. तीन ते चार दिवस उघडायचं नाही, खाणं नाही किंवा अगदी नावाला. निरोगी मासे एवढे दिवस आरामात काढतात, झाडंही काढतात. हवेचा पंप चोवीस तास चालू हवा, यात तडजोड नाही. शेवाळ मरतं, कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं. उघडल्यावर पुन्हा तीस-चाळीस टक्के पाणी बदला, फिल्टरचा स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, आणि दिवा सहा तासांवर आणा. अंधार दिला आणि नंतर दिवा पूर्वीसारखाच दहा तास ठेवला, तर पंधरा दिवसांत परत तेच. "अंधाराने फरक नाही पडला" म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकतं.

एप्रिल-मेमध्ये हे करताना जपून. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घरातल्या टँकचं पाणी ३२-३४ अंशांवर असतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांवर जेमतेम ७. हिरव्या पाण्यात दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवतं म्हणून मासे दिवसा ठीक दिसतात, पण रात्री तेच शेवाळ माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन घेतं. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाक करतात आणि उन्हं वर आल्यावर खाली जातात. हे दिसलं तर औषध टाकायला धावू नका, पंप वाढवा. बाटलीतल्या शेवाळाच्या औषधात तांबं असेल तर गोगलगायी आणि झिंगे आधी जातात, आणि एकदम मेलेलं शेवाळ पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन संपवतं. उन्हाळ्यात औषधाने मेलेले मासे बऱ्याचदा औषधाने नाही, श्वास कोंडून मेलेले असतात.

आता पाण्याकडे वळू, कारण उजेड नीट केला तरी काहींचं शेवाळ पूर्ण जात नाही.

खान्देशातल्या बऱ्याच गावांत नळाचं पाणी रोज येत नाही. दोन दिवसांआड, चार दिवसांआड, काही ठिकाणी त्याहून उशिरा. त्यामुळे नळ आला की सगळी कामं एकदम: पिंप भरा, टाकी भरा आणि आज पाणी आहे तर फिश टँकही धुऊन टाका. पूर्ण. खडीसकट. ही सवय शेवाळाला पुन्हा बोलावणारी आहे. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया फोडणारे जिवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने आपण त्यांनाच धुऊन काढतो. मग अमोनिया चढतो, पाणी दुधट होतं, आणि वर मोठा दिवा असला की शेवाळाला आयतं मैदान. नळ आला की दोन बादल्या पाणी फक्त टँकसाठी वेगळं भरून ठेवा, चोवीस तास उघडं राहू द्या किंवा क्लोरीन मारणारे थेंब टाका, आणि आठवड्याला टँकचं चौथा हिस्सा पाणी बदला. एवढंच. खडी धुवायची नाही, फार तर सायफनच्या पाइपने तळातली घाण ओढायची.

बोअरचं पाणी वापरत असाल तर एकदा नायट्रेट मोजा. शेतीपट्ट्यात, यावल-रावेरकडे केळीला खत भरपूर पडतं, चोपडा-शिरपूरकडेही शेतं बोअरला लागून आहेत. अशा भूजलात नायट्रेट उतरलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बोअरमध्येच ४० असेल तर तुम्ही कितीही पाणी बदला, टँकमध्ये शेवाळाचं खत येतच राहणार. मग निम्मं आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी मिसळा, नाहीतर व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी झाडं भरपूर लावा, ती नायट्रेट खातात. ही झाडं आपल्या जड पाण्यातही मजेत वाढतात. गोल्डफिश असेल तर मात्र ती झाडं खाऊन टाकेल, तेव्हा अनुबियाससारखी कडक पानांची बघा. आणि खाणं: दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. गप्पी, मोली काय, कितीही टाका, खातच बसतात.

हे पाणी हिरवं होण्याचं झालं. एलईडीची दुसरी कायमची तक्रार म्हणजे पट्टी टिकत नाही. "वर्ष झालं नाही की लुकलुकायला लागते." खोक्यावर ५० हजार तास लिहिलेलं असतं. ते चिपचं आयुष्य, तेही योग्य थंड ठेवली तर. आधी मरतो तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरमधला कपॅसिटर. दर १० अंश जास्त गरमीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बंद हुडात, खाली ३३ अंशांचं पाणी आणि वाफ, वर मे महिना. तो काय करेल? एलईडी झोतात उष्णता देत नाही, पाणी तापवत नाही, हे खरं. पण तिची उष्णता पाठीमागे निघते आणि तिला बाहेर जायला जागा हवी. हुडाची मागची झडप उघडी ठेवा, ड्रायव्हर किंवा अडॅप्टर हुडाच्या बाहेर काढा. निम्मी दुखणी तिथेच संपतात.

काय बिघडलंय ते बघून कळतं. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडींचा एकेक गट असतो. एक गेली की त्या गटातल्या तिन्ही विझतात, बाकी पट्टी चालू राहते. म्हणजे पट्टी म्हातारी झाली, किंवा पाणी आत शिरलं. सगळी पट्टी ठराविक तालात बंद-चालू होत असेल तर अडॅप्टर कमी ताकदीचा आहे किंवा तापून स्वतःला बंद करतोय. एका टोकाला उजेड मंद असेल तर जोडाला हिरवा गंज चढलाय. कनेक्टर काढा, घासा, नीट सोल्डरचा डाग देऊन त्यावर सिलिकॉन लावा. आणि सगळी पट्टी चालू आहे पण टँक पूर्वीपेक्षा अंधारा दिसतोय, तर काच पुसून बघा. आपल्या बोअरचं पाणी क्षारांचं. उडालेले थेंब पट्टीच्या कव्हरवर वाळतात आणि पांढरी पापडी धरते. ती उजेड अडवते, उष्णताही कोंडते. वीज काढा, लिंबू किंवा व्हिनेगर लावलेल्या कापडाने पुसा, कोरडं करा. महिन्यातून एकदा हे केलं की पट्टी तरतरीत राहते.

व्होल्टेजही मोजा. ड्रायव्हरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल आणि रात्री लोड कमी झाल्यावर तुमच्याकडे २६० येत असेल, तर कुठलीही पट्टी आणा, ती जाणारच. ३०० व्होल्टपर्यंत सोसणारा ड्रायव्हर मागून घ्या. पाण्यात बुडवायच्या दिव्यावर आयपी ६८ (पाणी आत शिरू न देण्याचा दर्जा) असायला हवं. आयपी ६५ म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवणं नाही. ६७ वाला अर्धा तास, एक मीटरपर्यंतच्या चाचणीचा असतो, टँकच्या तळाशी कायम पडून राहण्यासाठी नव्हे.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे सगळं वाचणं थांबवा आणि आधी प्लग काढा. हीटर, पंप, दिवा, एकेक करून कुठून गळती आहे ते इलेक्ट्रिशियनकडून शोधून घ्या, आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एकदा लोंबू द्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकतं, सॉकेटात शिरत नाही.

नव्या दिव्यांचं काय? फुल स्पेक्ट्रम (सगळ्या रंगांचा उजेड देणाऱ्या) पट्ट्या, ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या चिपा घातलेल्या, मोबाइलवरून सूर्योदय-सूर्यास्त लावता येणाऱ्या. झाडांचा टँक करायचा असेल आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावायची तयारी असेल, तर त्यांचे पैसे वसूल होतात. तांबडा भाग वाढला की झाडांचे आणि माशांचे रंगही खुलतात. हळूहळू उजळणारा दिवा माशांना दचकवत नाही, एवढा फायदा साध्या टँकलाही आहे. पण चार गप्पी आणि एक फायटर यांच्यासाठी असा दिवा घेणं म्हणजे पुन्हा तीच चूक, जास्त उजेड विकत घेणं. साधी ६५०० केल्विनची (पांढऱ्या उजेडाची), डिमर असलेली, वॉट कमी असलेली घ्या.

आपल्या भागासाठी खरी कामाची गोष्ट मला वेगळीच वाटते: एलईडी मुळात डीसीवर, म्हणजे बॅटरीतून मिळते तशा विजेवर चालते. १२ व्होल्टची पट्टी आणि १२ व्होल्टचा हवेचा पंप थेट बॅटरीवर चालतात, इन्व्हर्टरचा मधला खर्च लागत नाही, आणि ऊन तर आपल्याकडे मोप. १२ वॉटची पट्टी सहा तास म्हणजे ७२ वॉट-तास, ४ वॉटचा पंप चोवीस तास म्हणजे ९६. दिवसाला १७० च्या आत. ७५ वॉटचं पॅनल आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी एवढं सहज उचलते. एकच काळजी: चार्ज होताना बॅटरीचं व्होल्टेज १४.४ पर्यंत चढतं आणि स्वस्त पट्टी त्यावर तापून लवकर जाते, म्हणून मधे १२ व्होल्टला बांधून ठेवणारा रेग्युलेटर घाला. आणि बॅटरी कमी पडली तर आधी दिवा बंद करा. दिवा चार तास गेला तर शेवाळालाच त्रास होतो. पंप चार तास गेला तर मे महिन्यात मासे जातात.

एवढं सगळं करूनही पाणी हिरवंच राहत असेल, तर यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टर लावा. त्यातल्या यूव्ही-सी नळीपुढून पाणी हळूहळू गेलं की तरंगणारं शेवाळ मरतं, आठवडाभरात पाणी आरपार दिसतं. काचेवरच्या आणि धाग्यांच्या शेवाळावर त्याचा परिणाम नाही, कारण ते पाण्याबरोबर नळीतून जातच नाही. नळी उघडी करून पेटवून बघायची नाही, डोळ्यांना इजा होते. आणि वर्षभराने ती बदलायची, जरी निळी पेटलेली दिसत असली तरी. निळा उजेड राहतो, शेवाळ मारणारी किरणं तोपर्यंत निम्म्यावर येऊ शकतात.